फुली धरायची नोकरी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, इथली फरशी आत्ताच पुसलीय). पत्राला उशीर झाला, कबूल. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी बघायला उठायचो. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकू बरी आहे ना? माझ्यावरचा तिचा राग उतरला का, हे विचारत नाही.

बातमी अशी, की तुमचा पुतण्या नोकरीला लागला. हसू नका. युद्धसंग्रहालयात, तेही रणगाडे फोडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या दालनात! ज्या माणसाने उभी नोकरी रणगाडा चालवला, त्याच्याच घरात हा दिवा लागला. मला तर इतका अभिमान वाटतो की गणवेशाची बटणं येताजाता पुसतो.

हे अस्त्र चालतं कसं ते ऐका (तुम्हाला ते फक्त दुसऱ्या बाजूने ठाऊक). दोघा-तिघांना उचलून नेता येईल अशी नळी, तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेली. आधी छोटा बार क्षेपणास्त्राला नुसतं बाहेर ढकलतो. खरं इंजिन पुढे गेल्यावर पेटतं, नाहीतर डागणाऱ्याच्या भुवया जातील. मागे रिळातून केसासारखी तार सुटत जाते. शेपटीला दिवा. दुर्बिणीतल्या फुलीपासून तो दिवा किती सरकला ते यंत्र बघतं आणि तारेतून सांगत राहतं, डावीकडे घे, वर घे (काकू स्कूटरवर मागे बसून तुम्हाला सांगते तसं, फक्त हे ऐकतं). पोटात तांब्याचा शंकू. आदळलं की स्फोटाने त्याची सुई होते आणि पोलादातून आरपार जाते. नव्या अस्त्रांना एकदा लक्ष्य दाखवलं की सोडा आणि पळा. ते माझ्या स्वभावाला जास्त मानवलं असतं, पण माझ्या वाट्याला आलंय जुनं. त्यात माणसाला काम एकच: आदळेपर्यंत फुली रणगाड्यावर धरायची. नजर हलली की क्षेपणास्त्र हललं.

आणि हे काम त्यांनी मला दिलं, काका! दालनात सैनिकांचं जुनं सरावयंत्र आहे. रुळावर बुटाएवढा रणगाडा पळतो, तो दांड्याने मागेपुढे करायचा. क्षेपणास्त्राऐवजी उजेडाचा लाल ठिपका. पहिल्याच प्रात्यक्षिकात मी फुली झकास धरली होती. तेवढ्यात एक वादक भला मोठा पितळी भोंगा पाठीवर घेऊन आत शिरला (हा झोपताना कुठे ठेवत असेल, असा साधा विचार माझ्या मनात आला), मी वळलो, आणि ठिपका रणगाडा सोडून थेट व्यवस्थापकांच्या टकलावर. मी छाती काढून म्हटलं, "बघा मंडळी, नजर ढळली की आपलाच साहेब जातो!" टाळ्यांचा कडकडाट. साहेब टक्कल चाचपत म्हणाले, "उत्तम कल्पना. रोज असंच करा." तेव्हापासून माझी नजर रोज ठरल्या वेळी ढळते. ज्या गुणासाठी तुम्ही मला तुमच्या गॅरेजमधून हाकललंत, त्याला इथे टाळ्या पडतात.

सगळं उत्तम चाललंय, काळजी नसावी.

तुम्हीच ठेवलेल्या नावाचा,
भिरभिरं

ता. क. रविवारी विश्वस्त येणार. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच दिवशी ठरणार. त्यांना टक्कल नकोय, रणगाडा हवाय.

आणखी एक. तो रणगाडा मला आजवर एकदाही लागलेला नाही.

आणि मुद्द्याचं. दांडा तिकीटखिडकीवरच्या बाई चालवतात, आणि सूड घेतल्यासारख्या चालवतात. रविवारी तुम्ही येऊन चालवाल का? जरा हळू? मध्येच उभा केलात तरी चालेल. उभ्या नोकरीत तुमच्या रणगाड्याला कधी साधा ओरखडा आला नाही, हे मला पाठ आहे. पण पुतण्यासाठी एकदा?

शेवटचं. पाकीट बंद करतोय तोच बाई ओरडल्या, "अहो क्षेपणास्त्रवाले, कुणी गृहस्थ आलेत! पत्र नाही म्हणून काकूने तुम्ही जिवंत आहात का बघायला धाडलंय म्हणे!" वळून बघतो तर तुम्ही! 'हात लावू नये' या पाटीला टेकून, दांडा हातात, आणि रणगाडा असा पिटाळताय की रुळातून ठिणग्या निघतील. वर म्हणताय, "हं, मार बघू!" हळू चालवायचा विचार चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही. पत्र मागाहून हातातच देतो. आत्ता दुर्बिणीला डोळा लावतोय, काका; कितीही हाका मारा, वळणार नाही.