वीस शब्दांत हिंदुराव

विश्रांतवाडी, पुणे
९ ऑगस्ट २०१०

प्रिय (हे सवयीने लिहिलं गेलं, मनापासून नाही) हिंदुराव,

तुला रामराम, माझा जय भीम, वेणूवहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बरा नसला तरी कळव, तेवढंच मला बरं वाटेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोंबलायची हौस नाही, म्हणून कागद खराब करतो आहे.

सुंदराचा विसरभोळेपणा तुझ्या कानावर आहेच. आता शब्दही पळायला लागलेत. चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणते, शब्द नाहीच सापडला तर दोन-दोन दिवस गप्प बसते. सौरभने (आमचे चिरंजीव हिंजवडीला कंपनीत आहेत, आईसाठी आठवड्याला दीड तास काढतात) आम्रपाली नावाची एक मुलगी शोधून आणली. ती बोलण्याचे उपचार करते. मला वाटलं, ही आता अ आ इ गिरवून घेणार. पण तिने आधी मेंदूचे फोटो पाहिले. म्हणाली, या आजारात सगळा मेंदू एकदम जात नाही, हे संशोधनातून कळलंय. काकूंचा नावं शोधणारा भाग आधी झिजलाय, पण जुन्या आठवणी आणि गप्पांची सवय अजून शाबूत आहे, तेव्हा उपचारही तिकडूनच करायचा. चित्रातला जिराफ ओळखून विश्रांतवाडीत करायचंय काय? त्यापेक्षा काकूंना रोज लागणारे, आवडीचे वीसच शब्द निवडायचे आणि घरातल्याच वस्तू नि फोटो दाखवून घोटायचे. गेलेलं सगळं परत येणार नाही, राहिलेलं थोडं जास्त टिकेल, हेही तिने तोंडावर सांगितलं. मुलगी खरं बोलते, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

शब्द सुंदरानेच निवडायचे होते. चहा, चष्मा, सौरभ, पापड असे एकोणीस झाले. विसाव्यासाठी मी भांग पाडून समोरच बसलो होतो. तेवढ्यात अल्बममध्ये खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्सचा, आपण शेजारी होतो तेव्हाचा फोटो निघाला. त्यात तू, हातात मुळा घेऊन उभा (का, ते तुलाच ठाऊक). सुंदरा हसली आणि स्वच्छ म्हणाली, "हिंदुराव भावजी." आम्रपालीने लगेच लिहून घेतलं. मी म्हटलं, अहो, नवऱ्याचं नाव राहिलं. तर म्हणते, "काका, काकूंनी तुम्हाला कधी नावाने हाक मारलीय का? जो शब्द कधी तोंडात आलाच नाही, तो आता कुठून आणायचा?" चव्वेचाळीस वर्षं मी 'अहो'वर काढली रे. अहो तर ती रिक्षावाल्यालाही म्हणते.

मी जळतो तुझ्यावर, स्पष्टच लिहितो. सकाळ-संध्याकाळ तुझा फोटो मीच धरायचा, "हे हिंदुराव" मीच म्हणायचं, आणि तिने माझ्यामागून. स्वतःच्या बायकोकडून दुसऱ्याचं नाव घोटून घ्यायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. एकदा गुपचूप पापड काढून तिथे माझा फोटो ठेवला. तिने नीट निरखून पाहिलं आणि "पापड" म्हणाली. आम्रपालीने मला झापलं ते वेगळंच. यादी काकूंची आहे, तुमची नाही, म्हणाली.

पण गुण आला, नाही कसं म्हणू? ती बोलायला लागली. फक्त मलाच 'हिंदुराव भावजी' म्हणते. आणि टोकायची सोय नाही, कारण चूक काढली की ती पुन्हा गप्प होते. नाव चुकलं तरी गप्पा चालू ठेवा, असा आम्रपालीबाईंचा हुकूम आहे. म्हणून हल्ली रोज पाच वाजता मी तू होऊन चहा पितो. दोन चमचे साखर घालून, कारण तू तशीच घ्यायचास. मला मधुमेह आहे, हे हिंदुरावाला कुठे माहीत?

घरच्यांना आमची आठवण सांग, तुला सांगायची गरज नाही, तू आमच्याकडे रोजच असतोस.

तुझा, सध्या बिननावाचा,
धोंडिबा

ता. क. मुळा नसलेला एखादा फोटो पाठव. हा बघून बघून मला उचक्या लागतात.

आणखी एक. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहिलं. चहा झाला की ती रोज विचारते, "भावजी, आज पण ओव्हरटाइम का हो? आमचे हे अजून का आले नाहीत?" मी म्हणतो, येतील. तिचं समाधान होत नाही, दाराकडे बघत राहते. कारखान्यातून मला उशीर व्हायचा तेव्हा तू तिला काय सांगायचास, ते शब्द न् शब्द लिहून पाठव. लवकर पाठव.