लिंबाखाली शिजणारा कोठा

माय, काल वॉर्डात एका बाईनं मला बाजूला घेतलं आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "म्याडम, डुकराचं दिलं तर चालतं का वो त्याला?" तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता. छातीचा आजार, गोळ्या सुरू झालेल्या, आणि अन्न बघितलं की तोंड फिरवायचा. तुला सांगायचं राहून गेलं, मी जालन्याच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. कुणी काय खावं, किती खावं, हे सांगायचं माझं काम. तू गेल्यावर ही नोकरी लागली. मी त्या बाईला म्हटलं, चालतं की. तशी ती म्हणाली, मटणाचं न्हाई वो, आमच्याकडं कोठा असतो, त्याचं विचारून राह्यले. कोठा म्हणजे डुकराचं पोट, हे तिला मला समजावून सांगायचं होतं. मी सांगू दिलं. ती बोलत होती आणि मला मात्र आपल्या घरामागचा कडुलिंब दिसत होता, त्याच्या पानांवरची पांढरी धूळ, आणि तीन दगडांपुढं पाय पसरून बसलेली तू.

बदनापूरच्या त्या घराकडं मी मनानं जाते तेव्हा ते नेहमी दुपारीच असतं. थंडीतली दुपार, ऊन पातळ ताकासारखं. लांबून खडी मशीनचा आवाज येतोय, दगड फुटतायत, आणि आबा मात्र तिथं नाहीत. आबा आत बाजेवर आहेत. आपल्या घरानं मेंढरं सोडली तेव्हापासून ते खडी मशीनवर जात होते, संध्याकाळी घरी यायचे ते पीठगिरणीतून आल्यासारखे, भुवयासुद्धा पांढऱ्या. आता ते नुसते पडून असतात. त्यांनाही तोच छातीचा आजार, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्यात. डॉक्टरांनी बजावलंय की गोळी एकही चुकवायची नाही आणि रोज अंडी, मटण, दूध पोटात गेलं पाहिजे. गोळी जाते. अन्न जात नाही. तू भाकर दुधात कुस्करून देतेस, ते दोन घास घेतात आणि ताटली सरकवतात. मी बारावीला आहे. पुस्तक मांडीवर आहे आणि मी तुझ्याकडं बघतेय. तू आबांच्या मनगटाकडं बघतेयस.

एका सकाळी आबा आपणहून म्हणाले, "वजडी खाऊ वाटती."

किती दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं. लहानपणी वाड्यावर, कळपाशेजारच्या मुक्कामात, त्यांची आई मेंढीची वजडी, तिचं पोट, रात्रभर निखाऱ्यावर ठेवायची, ते त्यांना आठवलं असावं. तू पिशवी घेऊन तशीच बाजारात निघालीस. खाटकाकडं वजडी सकाळीच संपली होती. मटण घेण्याची आपली ऐपत नव्हती. रिकाम्या पिशवीनं परत येताना वडारवस्तीपाशी तिथली एक बाई भेटली, मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा आबांच्या जोडीला दगड उचलायचा, त्यामुळं आबांची तब्येत तिला ठाऊक होती. ती म्हणाली, "अक्का, आमच्यात आज कापलंय. कोठा हाय. न्हेती का?" हे तू मला पुढं कधीतरी सांगितलंस. म्हणालीस, मी तिथं रस्त्यात उभीच राह्यले. एक एसटी गेली, धूळ उडाली, ती खाली बसली तरी मी उभीच. आपण धनगर. आपल्याकडं डुकराचं नाव घेतलं तर बायका तोंडाला पदर लावायच्या. "मंग मला त्यांचं मनगट दिसलं," एवढंच तू म्हणालीस.

मावशी स्वतः कोठा घेऊन आली, झाकलेल्या डब्यात. आपल्या आतल्या चुलीला तू तो शिवू दिला नाहीस. लिंबाखाली तीन दगड मांडलेस, जुनं जर्मनचं पातेलं काढलंस, आणि नाकाला पदर बांधून बसलीस. वजडी साफ करण्यात तुझा हात कुणी धरू शकत नव्हतं, गरम पाण्यात घालून सुरीनं खरवडायला लागलीस की बघता बघता पांढरी व्हायची. पण हा कोठा हातात घेतल्यावर तू चक्रावलीस. "मेंढीची वजडी म्हंजे टावेल असतो. हे तं नुसतं रबर हाय गं." मावशी हसली. "घाई करू नको अक्का. मोज्यावानी उलटं कर. आता मिठानं चोळ, ज्वारीच्या पिठानं चोळ, चिचंच्या पान्यानं चोळ. बुळबुळ सगळी गेली पाह्यजे. बोटाला कचकच लागलं का समज निघालं." तू चोळत होतीस, धूत होतीस, पुन्हा चोळत होतीस. मी पाणी ओतत होते. पदराच्या वर तुझे नुसते डोळे दिसत होते, त्यांतून पाणी येत होतं, ते वासानं की कशानं ते मी विचारलं नाही.

पहिल्या पाण्यात हळद घालून त्याला एक चांगली उकळी आणायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. मग ताजं पाणी, आलं, लसूण, आणि मंद जाळ. अर्धं कच्चं बिलकुल चालत नाही, मावशीनं दोनदा सांगितलं, डुकराचं असलं की सुरी न लावता तुटंपर्यंत शिजू द्यायचं. त्या दुपारसारखी लांब दुपार मी पुन्हा पाहिली नाही. पातेल्यावरचं झाकण हळूहळू बोलत होतं. वासातला उग्रपणा उडून गेला आणि त्याजागी काहीतरी गोडसर, दाट यायला लागलं. मावशी केव्हा गेली कळलं नाही. रेल्वे गेली तशी तू मान उचललीस आणि पुन्हा पेंगलीस. मला वाटतं मीही झोपले असेन, कारण मला असं आठवतं की लिंबाखाली मेंढरं बसलीयत, पुष्कळ मेंढरं, तुझ्याभोवती गोल करून, आणि तू त्यांच्या मधोमध जाळ सारतेयस. मेंढरं तर आपल्याकडं तेव्हा नव्हती. पण त्या दुपारमधून ती काढून टाकायला गेले तर सगळी दुपारच विस्कटते, म्हणून मी ती राहू देते.

शेवटी तू कोठ्याच्या बारीक पट्ट्या केल्यास. आबांसाठी आळणी रस्सा, नुसता लसूण, हळद, मीठ. माझ्यासाठी थोडं बाजूला काढून कांद्यावर परतलंस, येसराचा मसाला आणि दाण्याचं कूट घातलंस. मग चमचाभर रस्सा माझ्या तोंडापुढं धरलास. "मीठ बराबर हाय का सांग." मी म्हटलं, तूच बघ की. तू मान हलवलीस. "मी न्हाई खायाची. मी फकस्त शिजवीन."

मी चाखलं. मीठ बरोबर होतं. न चाखता तू ते कसं घातलंस, हे मला आजही कळलेलं नाही.

आबांनी पहिला घास घेतला. चावायला कष्ट नव्हते, जिभेवरच तो मऊ होऊन जात होता. दुसरा घेतला. वाटी उचलून रस्सा प्यायले. आणि थांबले. मेंढपाळाचा पोर, त्याला कळणार नाही तर कुणाला? त्यांनी एक पट्टी बोटांत धरून उजेडाकडं केली.

"कोनाची हाय ही?"

मला वाटलं तू काहीतरी सांगशील, बकऱ्याची म्हणशील. तू पाण्याचा तांब्या खाली ठेवलास.

"डुकराची."

आबा तुझ्याकडं बघत राहिले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मग त्यांनी ती पट्टी तोंडात घातली आणि वाटी पुढं केली. "वाढ अजून."

तेव्हापासून मावशीकडं कापलं की डबा यायचा. सुरुवातीला कोठा शिजवून झाला की तू डोक्यावरून आंघोळ करायचीस, भर थंडीत, दात वाजेपर्यंत. काही आठवड्यांनी नुसते हातपाय धुवायला लागलीस. मग नुसते हात. नाकावरचा पदर कधी सुटला, कोठा लिंबाखालून आतल्या चुलीवर कधी आला, ते तुलाही कळलं नसेल. आबांच्या तोंडाला चव आली, मग भाकर जायला लागली, अंडी जायला लागली, आणि अंगावर मांस दिसायला लागलं.

आणि मग काका आले, आबांचे थोरले भाऊ, अंबड तालुक्यातल्या आपल्या गावाहून. आजारी भावाला बघायला आले होते, हातात मोसंब्यांची पिशवी होती. दारातच थबकले.

"कशाचा वास हाय ह्यो?"

तू चुलीपुढून उठली नाहीस. "कोठा शिजून राह्यलाय."

"कशाचा?"

"डुकराचा."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नंतर आला, आधी भीती होती. "बिरोबाचे टाक ज्या घरात हायेत त्या घरात? तुला काही वाटतं का न्हाई?"

आतून आबा भिंतीला धरत बाहेर आले. "दादा, खातो मी. तिनं तोंडाला लावलं न्हाई."

"तू गप बस. तुला बीमारीनं कळंना झालंय. देव हितं ऱ्हायचे न्हाईत. मी घेऊन चाललो."

मी तुझ्याकडं बघितलं. आपल्या देव्हाऱ्यातले ते चांदीचे टाक तू रोज पुसायचीस, तुझ्या सासूनं ते तुझ्या ओटीत घातले होते. तू उठलीस. हात धुतलेस, कोपरापर्यंत. एकेक टाक काढून कपाळाला लावलास, पिवळ्या फडक्यात ठेवलास, वर भंडारा टाकलास, गाठ मारलीस. काकांच्या हातात देताना तुझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"देव न्या भाऊजी. तुमच्याकडं त्यांची सेवा बराबर होईल. मानूस तेवढा मला ठिवू द्या."

काका पाणी न पिता गेले. मोसंबी मात्र ओट्यावर विसरून गेले, की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे. त्या संध्याकाळी तू रिकाम्या देव्हाऱ्यापुढं दिवा लावलास. मी विचारलं, आता कुणाला लावतेस? "जागेला," म्हणालीस. "जागेची सवय मोडू न्हाई." आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलंस, आणि मळता मळता हुंदका दाबलास तो परातीच्या आवाजात मला ऐकू आला.

आबा बरे झाले. थुंकी तपासली, स्वच्छ आली. आता मला माहीत आहे की आजार गोळ्यांनी गेला, कोठ्यानं नाही, आणि हे मी त्या कालच्या बाईलाही बजावून सांगितलं. पण गोळी पोटात टिकायला पोटात काहीतरी असावं लागतं. कोठ्यात प्रथिनं चांगली असतात, चरबी डुकराच्या इतर मांसापेक्षा कमी, रक्ताला लागणारं बी-बारा असतं, जस्त असतं. कोलेस्टेरॉलही असतं, युरिक ॲसिडवाल्यानं तर जपूनच खावं. हे सगळं मी शिकले. शिकताना वर्गात कुणी तरी नाक मुरडलं तेव्हा मी वहीत खाली बघत राहिले.

आबा परत खडी मशीनवर गेले नाहीत. त्यांनी हळूहळू मेंढरं जमवली आणि पुन्हा राखायला लागले. देव किती तरी दिवसांनी परत आले, तेही काकूच्या पिशवीतून, एसटीनं. "घ्या तुमचे देव," म्हणाली. "आमच्यात दिवा लावायला कोनाला सवड हाय?" तुम्ही दोघी जावा ओट्यावर चहा पीत बसलात. उठताना तिनं हळूच विचारलं, "खरंच कधी खाल्लं न्हाई का वो तुम्ही?" तू म्हणालीस, "न्हाई बाई. त्याच्याकडं बघवतच न्हाई मला." आणि दोघी इतक्या हसलात की आबा मेंढरं सोडून बघायला आले. काका तू गेलीस त्या दिवशी आले. अंगणात शेवटपर्यंत उभे होते. निघताना त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं, आपल्या घरातलं, आणि तांब्याभर प्यायले.

आज रविवार. घरचे सगळे माझ्या सासरच्या गावी लग्नाला गेलेत, मी ड्युटीचं कारण सांगून राहिले. सकाळी बाजारात जाऊन कोठा आणला. उलटा केला, मिठानं, पिठानं, चिंचेनं चोळला, बोटाला कचकच लागेपर्यंत. पहिलं पाणी फेकलं, कुकर लावला. मग खिडकीत बसून राहिले. शिट्ट्यांमधल्या शांततेत मला झोप लागली असावी, आणि जाग आली तेव्हा क्षणभर घर कोणतं तेच कळेना. येसर तुझ्यासारखा जमला नाही. पण भाकरीबरोबर सगळं खाल्लं, शेवटी पातेलं बोटानं पुसून.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून हेही लिहिते. जेवण झाल्यावर ह्यांचा फोन आला. काय केलंस जेवायला म्हणाले. मी पिठलं म्हणाले. आता खिडक्या उघड्या टाकल्यात, उदबत्ती लावलीय, आणि कुकर मी दोनदा घासलाय.