लुक्का, केवळ संगीतासाठी

९ ऑगस्ट. तळेगाव ढमढेरे. सकाळी सहा.
ठरलं. इटलीला जायचं. गावाचं नाव लुक्का. पुच्चिनी या थोर ऑपेरा संगीतकाराचं जन्मगाव. तरुणपणी मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत क्लॅरिनेट शिकलो, लग्नाच्या बँडमध्ये अकरा सीझन वाजवलं. पुढे तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली, पण कलावंत तो कलावंत. रिटायर झाल्यावर माणसाने एक तरी गोष्ट मनासारखी करावी.
आमची गौतमी त्याच गावात राहते, हा योगायोग आहे. नोंद करून ठेवतो, म्हणजे नंतर गोंधळ नको.

९ ऑगस्ट. संध्याकाळ.
सविताला सांगितलं. ती म्हणाली, लुख्खा? असलं कसलं गावाचं नाव? उच्चार सुधारून दिला. मग तिने विचारलं, लेकीकडं जाणार व्हय? म्हणालो, नाही. तीन वर्षांपूर्वी गौतमीने तिकडच्या माणसाशी लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, या घराचं दार तुला बंद. शब्द म्हणजे शब्द.
सविता आत जाऊन शेंगदाणे भाजायला लागली.

१२ ऑक्टोबर.
शिरूरच्या एजंटकडून व्हिसा, तिकीट, खोली, सगळं हातात. बॅगेत दोन किलो शेंगदाण्याची चटणी निघाली. चार दिवसांत एवढी कोण खातं? वरच्या कप्प्यात पत्त्याची चिठ्ठी. फेकणार होतो. पण परक्या गावात एखादा पत्ता जवळ असलेला बरा.

१४ ऑक्टोबर. लुक्का.
पोचलो. पिसाहून ट्रेनने अर्धा तास. गावाभोवती जाडजूड तटबंदी, तटावर झाडं, झाडांखालून लोक सायकली फिरवतात. खोली स्वच्छ. बादली नाही.
उद्याचा प्रोग्रॅम: सकाळी पुच्चिनीचं जन्मघर, तिथे आता म्युझियम आहे. दुपारी त्याचे वाडवडील जिथे ऑर्गन वाजवत ते चर्च. संध्याकाळी मैफल. झोप आठ तास.

१५ ऑक्टोबर.
म्युझियमला निघालो, रस्ता चुकलो. चुकत चुकत चिठ्ठीवरच्या गल्लीत आलो. समोर एका जुन्या चर्चची दगडी पायरी होती, बसलो. गल्लीत आवाज फार छान घुमतो. कुणी चालत गेलं तरी पावलं मोजता येतात. संगीताच्या अभ्यासाला उत्तम. साडेदहा ते एक अभ्यास केला.
दुसऱ्या मजल्यावर हिरव्या झडपांची खिडकी. कुंडीत तुळस. इथे स्वयंपाकात तुळशीसारखाच पाला घालतात म्हणे. तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.
मैफलीला गेलो नाही. पाय दुखत होते.

१६ ऑक्टोबर.
पुन्हा गल्ली. आवाजाचा अभ्यास एका दिवसात होत नाही. एक दाढीवाला माणूस सायकल घेऊन त्याच घरातून बाहेर पडला. मला पाहून थांबला, परत आत गेला, आणि कॉफी घेऊन आला. कप चिमणीला पाणी ठेवावं एवढा. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा. सविताच्या फोनमध्ये असावा. पण तिच्या फोनमध्ये काय काय असतं. एकंदरीत इथले लोक कलावंत ओळखतात.
संध्याकाळी म्युझियमवर गेलो तर बंद होत होतं. बाहेरच्या चौकात पुच्चिनीचा पुतळा पाहिला. पायावर पाय टाकून बसलाय, हातात सिगारेट. तरुणपणी हा ऑपेरा ऐकायला पिसापर्यंत पायी गेला असं सांगतात. मीही आमच्या राहू गावाहून दौंडला क्लॅरिनेट शिकायला सायकलवर जायचो. साम्य आहे. उद्या म्युझियम नक्की.

१७ ऑक्टोबर.
दाढीवाल्याने आज कॉफीबरोबर बसायला उशी आणली. वर खिडकीकडे बोट दाखवून 'पापा, पापा' म्हणाला. फोनवर शोधलं. पापा म्हणजे पोप. धार्मिक माणूस दिसतो. मीही आकाशाकडे बघून मान हलवली.
तीन तास बसलो. झडप दोनदा उघडली, दोनदा लागली. वारा असेल.
आज दुपारचं जेवण विसरलो. म्युझियमही.

१८ ऑक्टोबर.
आज अकरा वाजता ती खाली आली. शेजारी पायरीवर बसली. लांब कोट. अंगाने बरीच भरली आहे. मैदा.
मला वाटलं होतं ती आधी रडेल, मग मी मोठ्या मनाने दोन वाक्यं बोलेन. वाक्यं विमानातच तयार केली होती. ती रडली नाही. म्हणाली, जेवलात का, आप्पा?
मी पुच्चिनीची माहिती द्यायला सुरुवात केली. त्याच्या घराण्यातल्या पिढ्या, ऑर्गन, पिसा. अर्धा तास. ती ऐकत होती. मध्ये एकदा पोटावर हात ठेवून थांबली, मग म्हणाली, सांगा पुढं. दाढीवाला लांब सायकलपाशी उभा होता. ती म्हणाली, हा लोरेन्झो. माझा नवरा. मी म्हणालो, कॉफी चांगली असते.
मग तिने विचारलं, "आप्पा, तुम्ही आलात कशासाठी?"
वाक्य ओठावर आलं होतं. म्हणालो, संगीतासाठी.
"म्युझियम कसं वाटलं?"
"बाहेरून चांगलं आहे."
चटणीची पिशवी दिली. म्हणालो, आईने दिलीय. ओझं कमी झालं, एवढंच. ती म्हणाली, वर चला, पिठलं केलंय. मी म्हणालो, म्युझियम बंद होईल. शब्द म्हणजे शब्द.
उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. मी हात पुढे केला, तोवर लोरेन्झोने धरलं होतं.
म्युझियमला गेलो नाही. तटबंदीवर बाकावर बसलो. पिठलं कसं झालं असेल, सारखं मनात येत होतं. भूक लागली असेल म्हणून.

१९ ऑक्टोबर. ट्रेनमध्ये.
दौरा यशस्वी. म्युझियम तेवढं राहिलं.

२२ ऑक्टोबर. तळेगाव.
सविताला सगळं सांगितलं. तटबंदी, पुतळा, सिगारेट. ती गवार मोडत होती. तिने विचारलं, पोरगी कशी हाय? म्हणालो, तब्येत सुटलीय, मैदा कमी करायला सांग. सविताने गवार खाली ठेवली. म्हणाली, "सातवा हाय तिला. तुमच्या डोळ्यांला काय झालंय?"
यावर लिहिण्यासारखं काही नाही.

५ नोव्हेंबर.
सविता पंधरा दिवस कामापुरतंच बोलते. हवामान बदललं की तिचं असं होतं.

२८ नोव्हेंबर. दुपारी चार.
सविता सकाळी मुंबईला गेली. तिथून इटली. बाळंतपणाला. तिचा पासपोर्ट गेल्याच वर्षी काढलेला होता, मला माहीत नव्हता. व्हिसाचे कागद लोरेन्झोने पाठवले. तिचा भाऊ गाडी घेऊन आला, गाडी कोरेगाव भीमाच्या रस्त्याला लागली. जाण्याआधी मी तिला लुक्क्याची सगळी माहिती दिली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेकीला काय सांगू तुमचं?" मी म्हणालो, तिकडं थंडी आहे, स्वेटर घाल.
दोन वाजता गौतमीला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. नंबर पाठ होता. ती म्हणाली, "आप्पा?" मी म्हणालो, आई निघाली, फ्लाइटचा नंबर लिहून घे. तिने घेतला. मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.
म्हणालो, "मी संगीतासाठी आलो नव्हतो."
"माहीत आहे, आप्पा. लोरेन्झोला पण माहीत होतं. खालच्या बेकरीवाल्या बाईला पण. ती रोज विचारायची, तुझे वडील वर का येत नाहीत म्हणून."
"मग तू काय सांगायचीस?"
"सांगायचे, लाजतात."
विचारलं, जानेवारीत येऊ का? या वेळी वर येईन. तिच्या मागे कसला तरी डबा पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आधी आई येऊ दे. मग बघू."
फोन ठेवल्यावर वही उघडली. 'बघू' म्हणजे होच, असं लिहिणार होतो.
बघू म्हणजे बघू.