पहिल्या घासाबरोबरची गोळी

प्रिय अण्णा,

तीर्थरूप वगैरे लिहिण्याइतकी शांत मी आज नाही. घरी बोलायला जावं तर जेवताना तुमचं मौन आणि जेवल्यावर तुमची झोप. म्हणून हे पत्र डायलिसिसला तुमचं यंत्र लावणाऱ्या मंजुनाथकडे दिलंय. डायलिसिसचं यंत्र लावल्यावर चार तास तुम्हाला कुठे जाता येत नाही, तेव्हा निदान वाचाल तरी.

काल डॉक्टरांनी विचारलं, फॉस्फरसच्या गोळ्या कधी घेता? तुम्ही ऐटीत सांगितलंत, जेवून हात धुतल्यावर. आपोशनाचं पाणी घेऊन जेवण सुरू झालं की दुकानातलं काही पानात येत नाही, सोवळं मोडतं म्हणे! त्या बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला. अहो, ती गोळी जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. मागाहून घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. मग तो रक्तात साठतो, गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. नुसत्या शिंकेने तुमची बरगडी मोडली ती उगीच नाही. श्रावणात कळशी उचलताना मनगट गेलं. तरी मल्लेश्वरमला घरी परतताना ऑटोत माझ्यावरच कानडी हेल काढून डाफरलात, स्वल्प, जरा गप्प बस म्हणून!

तुमचं सोवळं मला नवं आहे का? आई गेल्यापासून मीच ओलेत्याने स्वयंपाक करून तुम्हाला वाढते. पण रोज मठाच्या पायऱ्या चढायचा हट्टही तुमचाच. उद्या मांडीचं हाड मोडलं तर कुठला मठ आणि कुठल्या पायऱ्या? विचार करून करून माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

आता या रागाआड काय लपवलंय ते सांगते. पहिल्या घासाबरोबर गोळी द्या, हे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मला बजावलं होतं. आईचे दिवस नुकतेच झाले होते. जेवून झाल्यावर घेतल्या तर चालतील ना, असं तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून मी म्हणाले, जेवणानंतर घेतल्या तरी चालेल. बरगडी मोडली तेव्हाही लाजेने तोंड उघडलं नाही. काल डॉक्टर रागावले, तेव्हा अहल्येनेच सांगितलं होतं असं तुम्ही म्हणाला नाहीत. विसरलात, की मला सांभाळून घेतलंत? विचारायचं धैर्य नाही. उद्या पहिल्या भाताबरोबर गोळी मीच पानात वाढणार आहे. दोष लागला तर मला लागू दे. तुम्ही फक्त ती घ्या, अण्णा.

तुमचीच,
अहल्या