बारकीची सुटी

दि. ३ मे

चि. बारकीस, अ. उ. आ.

तुझी शाळा बंद व्हायला आता आठवडाच उरला असेल. मग सहा आठवडे पाय पसरून बसायचं. तुझ्या भावोजींना सलग सहा दिवस मिळत नाहीत, ते रोज तुझ्या नावाने उसासे टाकतात. पुढच्या जन्मी आपणही बाईच होऊ, शाळेतल्या, असं म्हणतात.

आप्पा ठीक आहेत. नजर मात्र गेल्यातच जमा आहे. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. डावा कान बंदच आहे, उजव्यात ओरडलं तर ऐकू येतं. रोज सकाळी तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवावं लागतं. मुख्याध्यापकी अजून अंगातून गेलेली नाही. मी स्वल्पविरामाला थांबत नाही म्हणून परवा मला तोच परिच्छेद तीनदा वाचायला लावला. बारकी कसं स्वच्छ वाचते, हे वर ऐकवलं ते वेगळंच.

तर मुद्दा असा, की आम्ही तिघं समुद्रावर जायचं म्हणतोय, तीन-चार आठवडे. लग्नानंतर पहिल्यांदाच. तू पंधरा तारखेला ये. आप्पांना मी सांगून टाकलंय आणि ते दिवस मोजतायत. नाही म्हणायचं असेल तर त्यांना तूच सांग बाई.

तुझीच, माया पातळ न झालेली,
ताई


दि. ७ मे

ती. ताईस, सा. न. आणि घरातल्या सगळ्यांना आठवण.

तुझं पत्र मिळालं. रागावू नकोस, पण मला येता येणार नाही. का ते लिहिते.

जानेवारीपासून माझा आवाज बसतोय. वर्गात बावन्न मुलं, खिडक्या रस्त्यावर, त्यामुळे ओरडल्याशिवाय शेवटच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. गेल्या आठवड्यात हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर नुसती फुसफुस. शेवटी वर्गाच्या मॉनिटर मुलीने हजेरी घेतली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्यात, वाटाण्याएवढ्याही नाहीत, पण आल्यात. त्यांनी सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त इजा होते म्हणे. गाठी बसल्या तर बसल्या, नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाजाची खात्री ते देत नाहीत.

मी एक पाटी विकत आणली आहे. घरमालकीणबाईंना त्यावर लिहून दाखवते, तर त्याही मला लिहूनच उत्तर देतात, बहिरी समजून. त्यात बावन्न प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायचेत आणि चार दिवसांचं प्रशिक्षण आहे. तिथे तरी गप्प बसून ऐकायचंच असतं.

ताई, माझ्याकडे विकायला दुसरं काही नाही गं, आवाजच आहे. आप्पांना समजावून सांगशील ना?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बारकी


दि. ११ मे

चि. बारकीस, अ. उ. आ.

पत्र वाचून काळजी वाटली. पण डॉक्टर असंच बोलतात. मला गुडघे दुमडू नका म्हणून सांगितलंय, मग काय मी उभ्यानेच जगू?

शांतपणे विचार कर. तिथे बावन्न मुलं, इथे एक म्हातारा. सकाळी तासभर वाचलंस की दिवसभर गप्पच तर राहायचंय. विश्रांती ती हीच. जेवणाला बाई ठरवली आहे, तुला काडी हलवावी लागणार नाही. शेरे इथे बसून लिही.

आरक्षणं झाली आहेत. तुझ्या भाचीने पोहण्याचा पोशाखसुद्धा आणलाय. आप्पांना मी घशाचं सांगितलेलं नाही, उगाच जीवाला लावून घेतील. तूही बोलू नकोस.

पंधराला सकाळच्या गाडीने ये, आम्ही दुपारी निघतोय.

वाटेकडे डोळे लावून,
ताई


दि. २ जून

ती. ताईस, सा. न.

हे पत्र तुमच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकते आहे. मिळालं की लगेच उत्तर पाठव.

तासभर म्हणालीस, पण आप्पा आठपासून दहापर्यंत वाचून घेतात. मग मथळे पुन्हा. दुपारी त्यांची जुनी भाषणं, ट्रंकेतली. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. त्यांना मजा येते, मान डोलावतात. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, की तू चांगली शिक्षिका असणार. त्या एका वाक्यावर मी आणखी पाच दिवस ओढले.

मंगळवारी हवामानाची बातमी वाचताना शब्दाच्या मध्येच आवाज गेला. नुसती हवा येत राहिली. ते म्हणाले, पुढे. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, पुढे. मी त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली, त्यांनी हात झटकला. शेजारच्या काकूंना पाटीवर लिहून दिलं, त्यांनी आप्पांच्या कानात सगळं सांगितलं. तर म्हणाले, की तिचा आवाज? लहानपणी तीन घरांपलीकडे ऐकू जायचा. कंटाळली आहे, तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला पुढे केलंय.

तेव्हापासून ते माझ्या हातून पाणी घेत नाहीत. ताट चाचपडून निम्मं सांडतात, पण मला भरवू देत नाहीत. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. तू ये, आणि त्यांना खरं सांग.

तुझीच,
बारकी


दि. ९ जून

चि. बारकीस, अ. उ. आ.

इथे हवा इतकी छान आहे की आम्ही मुक्काम आठवडाभर वाढवलाय. तुझी भाची मासोळीसारखी पोहायला लागली. भावोजी दुपारी तीन-तीन तास झोपतात.

आप्पांचं रुसणं तुला का नवीन आहे? माझ्या लग्नानंतर ते माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. आपोआप निवळतं. त्यांना पत्र लिहायचं मनात आलं होतं, पण ते वाचून कोण दाखवणार? तू? भावोजी खूप हसले यावर.

घसा जप. गरम पाण्याच्या गुळण्या कर.

तुझं भलं चिंतणारी,
ताई


दि. ३० जून

ती. ताईस, सा. न.

शाळा उघडण्याआधी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, की सहा आठवडे गप्प राहिला असतात तर निभावलं असतं. आता कुजबुजीएवढाच आवाज राहील, तोही कधीमधी.

मुख्याध्यापिकाबाईंनी वर्ग काढून घेतला. त्यांचंही चूक नाही. मला पुस्तकांच्या खोलीत बसवलंय. नव्या पुस्तकांवर शिक्के मारते, फाटकी चिकटवते. पहिले तीन-चार दिवस मधल्या सुटीत माझ्या वर्गातल्या मुली खिडकीतून हात करायच्या. आता विसरल्या असाव्यात.

तुमच्याकडून निघताना मी वाकले, तेव्हा आप्पांनी पाय मागे घेतले होते. तू बॅगा उघडत होतीस, तुझं लक्ष नसेल.

बारकी


दि. ६ जुलै

चि. बारकीस, अ. उ. आ.

वाचून रडू आलं. पण प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. वर्ग नाही, पेपर नाहीत, चारला घरी. म्हणजे तुला आता बारा महिने सुटीच की.

तेव्हा आम्ही असं ठरवलंय, की आप्पांना यापुढे तुझ्याकडे ठेवावं. भाचीला अभ्यासाला खोली हवी आहे आणि मी इतकी वर्षं केलंच. ते कुरकुरतायत. न बोलणारीकडे जाऊन मी काय करू, म्हणतात. मी सांगितलं, की तिने आता अबोला सोडलाय. वीस तारखेला घेऊन येतो.

दोघं मिळून मजेत राहा, आणि कसं चाललंय ते कळव.

तुझी,
ताई


दि. १ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

कसं चाललंय विचारलं होतंस.

तुम्ही टॅक्सी थांबवून ठेवली होतीत, त्यामुळे आप्पांना खरं सांगायचं राहूनच गेलं. रविवारी शेजारच्या वर्गाच्या बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. आप्पांचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि मला बोलायला लावलं. नुसती हवा. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग विचारलं, की हे वाचून दाखवल्यामुळे झालं का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात ओरडून झालं असं सांगता आलं असतं, ते काही अगदी खोटंही नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली. मग बाईंनी त्यांच्या कानात सांगितलं, हो.

त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्राचं नाव काढलेलं नाही. फक्त मधून मधून विचारतात, की कुणी आहे का. मी जाऊन त्यांच्या हातावर दोनदा थोपटते, म्हणजे आहे. तेवढ्यावर ते तासभर शांत बसतात.

काल मी चारला घरी आले आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, कुणी आहे का. मी उठले नाही. तीनदा विचारलं. मग उठले आणि भिंत धरून धरून कपाटापाशी पोचले. कपाटाची मूठ त्यांना दाराची वाटली असावी. ती ओढत उभे राहिले आणि तुला हाका मारल्या. थोरले, थोरले, अशा. आवाज अजून प्रार्थनेच्या वेळचाच आहे त्यांचा, सगळ्या मैदानाला पुरेल असा.

मला वाटलं होतं, मला पाहवणार नाही. मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि ते थकेपर्यंत पाहत बसले.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवू नकोस.

बारकी