शेजारच्या काकूंचा सोफा

प्रिय आई,

नमस्कार घे. मी मजेत आहे, हॉस्टेलची खोली हवेशीर आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

माझा फीमाफीचा अर्ज विद्यापीठाने नामंजूर केला. घर बघायला आलेल्या साहेबांनी शेरा मारलाय, 'परिस्थिती उत्तम'. मोठा माणूस येणार म्हणून तू शेजारच्या काकूंचा सोफा आणून मांडलास ना! हौस दांडगी तुझी.

मी पुन्हा अर्ज केलाय. साहेब गुरुवारी परत येतील. सोफा आधी देऊन टाक. चहा कानतुटक्या कपातूनच दे. रडू आलं तर आवरू नकोस.

आणि बाबांना त्या दिवशी सकाळचं औषध देऊ नकोस. त्यांचा खोकला साहेबांना नीट ऐकू येऊ दे.

बाबांना नमस्कार सांग. तब्येतीला जपा म्हणावं.

तुझी,
धाकटी