टेबलावरचा पाय

९ मार्च, रविवार

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद देणारा आणि घेणारा वेगळे नसतात असं तू कळवलं आहेस, तरी मी देते. तू घे.

इकडे सगळं ठीक. वर्कशॉपमध्ये सध्या गुडघ्याखालच्या कृत्रिम पायांची कामं जास्त आहेत. खालच्या शिंपीणबाईंनी मांजर पाळलंय, पण ते जेवायला आमच्याकडे येतं. बाबाही बरे आहेत.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. साखरेने त्यांना हल्ली अक्षरं लागत नाहीत, माणसं तेवढी दिसतात. ‘जाणीव एकच आहे, तिला आत-बाहेर नाही, मग कुणी कुणाकडे यायचं?’ हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे येत नाहीये.” मला हसूच फुटलं. एवढं लांबलचक पत्र, आणि त्यांनी ते तीन शब्दांत उरकलं!

खरं सांगू? तुमच्या त्या ध्यानकेंद्रातल्या गप्पांना मी कधी भीक घातली नाही. दिवसभर मी माणूस आणि प्लास्टिक यांच्यामधली कड घासत बसते. माणूस कुठे संपतो आणि माझं काम कुठे सुरू होतं, हे मला बोटाने दाखवता येतं. निदान येत होतं.

झालं असं. बाबांचा उजवा पाय, म्हणजे मागच्या वर्षी कापलेल्या पायाच्या जागी मी करून दिलेला, मांडीखाली टोचत होता. तो काढून मी टेबलावर घेतला. बाबा समोर खिडकीपाशी खुर्चीत रेडिओ ऐकत बसले होते. मी गरम हवेच्या बंदुकीने वरची कड मऊ करत होते, तेवढ्यात फोन वाजला. बंदूक कधीही जाळीवरच ठेवायची, हा माझाच नियम. मी नको तिथे टेकवली. तोंड नेमकं त्या पायाच्या बोटांवर.

“अगं, भाजलं ना!” बाबा ओरडले, आणि उरलेली मांडी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी ओढली.

मला वाटलं थट्टा करतायत. पण कपाळावर घाम होता रे. म्हणाले, “बघत काय बसलीस? पाणी ओत.” मी तांब्याभर पाणी आणलं आणि प्लास्टिकच्या बोटांवर ओतलं. टेबल भिजलं, माझी चप्पल भिजली. खोलीच्या त्या टोकाला बाबांनी सुस्कारा सोडला. “हां. आता बरं वाटतंय.”

मी कसली गप्प बसतेय! दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर त्याच पायाचा अंगठा पकडीत धरून आवळला. ते घोरतच होते. म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही. दिसलं, तरच पोचतं.

संध्याकाळी जाग आल्यावर विचारलं, “बाबा, तो पाय तर टेबलावर होता. तुम्हाला कसं भाजलं?” रेडिओची खुंटी फिरवत म्हणाले, “धाकटा कुठे माझ्या अंगाला चिकटलेला आहे? तो दुखतोच ना.” आणि मग हवामानाच्या बातम्या ऐकत बसले.

आता वर जे खोटं लिहिलंय ते दुरुस्त करते. बाबा बरे नाहीत. डाव्या पायाची बोटं काळी पडली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आठवड्यात हाही पाय काढायला हवा, नाहीतर विष अंगभर भिनेल. हृदय अशक्त आहे, तेव्हा ऑपरेशनमधून उठतीलच असंही नाही. आणि बाबा सही करत नाहीत. बाईंना सांगतात, “विचार करतोय.” कसला विचार ते मला ठाऊक आहे. दाराशी जरा काही वाजलं की मान तिकडे वळते. मग मांजर आत येतं, नाहीतर शिंपीणबाई.

मी तुझ्यावर चिडले आहे. तुझं तत्त्वज्ञान खोटं आहे, ते सोड आणि ये, असं लिहायला बसले होते. पण टेबल पुसताना वाटलं, तुझंच खरं असेल. माणूस कुठे संपतो ते मला आता सांगता येणार नाही. मग तर तू यायलाच हवंस ना? इथे जे भाजतंय ते तुझंही आहे. आणि पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर ओतावं लागतं. तिकडे लांब डोंगरावर बसून ओतलेलं त्यांना पोचत नाही.

तुला लिहिलंय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. येणार नसशील तर उत्तर पाठवू नकोस. ते मलाच वाचून दाखवावं लागतं.

तुझी,
आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे तूच,
ताई